देवरीच्या फळ्यावरचे आजचे नवल

दिनांक ११ एप्रिल २००१ रोजी रत्नपाल देवाजी शहारे याने गोंदियाच्या बाजारात नऊ हजार आठशे पासष्ट रुपये रोख मोजले आणि एक जुना संगणक, एक मॉडेम व शंभर तासांचे इंटरनेट विकत घेतले. दुकानदाराने सगळे सामान बारदान्यात गुंडाळून एसटीच्या मागच्या सीटवर ठेवून दिले आणि विचारले, "देवरी में क्या करेगा इसका?" ते रत्नपालला स्वतःलाही नीट सांगता आले नसते.

देवरीला नागपूर-रायपूर हमरस्त्यावर, बसथांब्याच्या अंगाला त्याचा एसटीडी बूथ होता. टिनाची टपरी, समोर काच, आत एक खुर्ची, एक फोन आणि बिल छापणारे यंत्र. दोन वर्षांचा असताना पोलिओने रत्नपालचा डावा पाय गेला. गुडघ्यावर हात टेकून तो चालायचा, पण बूथपासून घरापर्यंतच. अपंगांच्या कोट्यातून हा बूथ मिळाला तेव्हा वडील देवाजींनी सगळ्या वस्तीला चहा पाजला होता. तेव्हापासून सकाळी सहाला काच उघडायची आणि रात्री दहाला लावायची, असा त्याचा दिवस ठरून गेला. दसऱ्याला घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा तेवढा एक दिवस बूथ बंद. बाकी सव्वीस वर्षांच्या आयुष्यात त्याने दूरचे असे काही पाहिले नव्हते.

बूथ म्हणजे नुसता बाहेर फोन लावायचे ठिकाण नव्हते. वस्तीत दुसरा फोन नव्हता. सुरतेला, भिलाईला, नागपूरला कामाला गेलेली पोरे घरच्यांशी बोलायला रत्नपालच्याच नंबरवर फोन करत. फोन आला की रत्नपाल सांगायचा, "पाच मिनिटांनी पुन्हा लाव," आणि टपरीवर बांधलेल्या भोंग्यातून हाक घालायचा. "बकाराम कटरे, सुरतेहून मुन्नाचा फोन. बकाराम कटरे!" पायाने पळत जाऊन बोलावणे त्याला शक्य नव्हते, म्हणून त्याने स्वतःच्या पैशाने भोंगा बसवला होता. नुसत्या "हॅलो"वरून कोण कोणाचा ते तो ओळखायचा. कोणाची सून पलीकडे रडवेली आहे, हेही त्याला आधी कळायचे, आणि मग तो हाकेतच हळूच जोडायचा, "लवकर या वो."

पेट्रोल पंपावर एक फोन होता. पण पंपवाला कोणाला बोलावत नसे.

दुपारी एक ते तीन फोनला कोणी फिरकायचे नाही. त्या वेळात रत्नपालने मॉडेम जोडायला सुरुवात केली. फोनची लाइन एकच. इंटरनेट चालू असले की फोन बंद, बाहेरून लावणाऱ्याला नुसता एंगेजचा आवाज. मॉडेमची ती किरकिर ऐकून पहिल्या दिवशी शेजारचा चहावाला भैयाजी केतली तशीच ठेवून धावत आला होता. "रतन भैया, कुछ जल गया क्या?"

जळले काही नव्हते. इंग्लंडातल्या एका विद्यापीठात कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला होता आणि त्या भांड्यात कॉफी किती उरली ते देवरीच्या टपरीत दिसत होते. चित्र यायला चार मिनिटे लागली. भैयाजीने वाकून पाहिले.

"बस? इतनाच?"

"एवढंच. जगात कोठूनही दिसते."

"मेरी केतली पे भी लगा दो. लोग घर बैठे देख लेंगे कि चाय खतम है, फालतू आएंगे नहीं."

त्या दिवशी रत्नपालने बूथबाहेर दर लिहायच्या फळ्याची उलटी बाजू पुढे केली आणि खडूने लिहिले, "आजचे नवल." खाली कॉफीच्या भांड्याची हकीकत चार ओळींत, आणि त्याखाली त्या पानाचा इंटरनेटवरचा पत्ता, इंग्रजीत, एकही टिंब न गाळता. देवरीत तो पत्ता कोणाच्या उपयोगाचा नव्हता. तरी तो लिहायचाच. आपण पाहिले ते कुठे पाहिले हे सांगितले नाही, तर ती थाप होते, असे त्याचे म्हणणे.

फळा रोज चारला बदलू लागला. अमेरिकेत एका अग्निशमन केंद्रातला बल्ब शंभर वर्षांपासून जळतो आहे. ऑस्ट्रेलियात काचेच्या नरसाळ्यात डांबर ठेवले आहे, त्याचा एक थेंब पडायला आठ-दहा वर्षे लागतात आणि मागचा थेंब पडला तेव्हा नेमका कॅमेरा बिघडलेला होता. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. रायपूरची बस दहा मिनिटे थांबायची तेव्हा प्रवासी खिडकीतून वाचायचे. कोणी पत्ता हातावर लिहून घ्यायचे. एका बाईने तर उतरून विचारले होते की कालचे काय होते.

सर्वांत पक्का वाचक म्हणजे बकाराम कटरे. तीन एकर धानाचा मालक, चौथी शिकलेला, बोटाने अक्षरे धरून वाचणारा. मुन्ना त्याचा एकुलता मुलगा, सुरतेला कापडाच्या मागावर.

"शंभर वर्सं एकच बल?" बकाराम फळ्यासमोर उभा राहून म्हणाला. "आमच्या घरचा दोन महिने नाई टिकत."

"तिकडे लाइन जात नसन ना मामाजी," रत्नपाल म्हणाला.

"मंग त्यात बलाची का हुशारी? आमच्या देवरीत जळून दाखवाव म्हना." मग पत्त्यावर बोट ठेवून तो थांबला. "हा कसा पत्ता गा? ना गाव, ना तालुका, ना पिन. यावर कारड टाकलं त पोचते का?"

"नाई पोचत. हा कंपुटरचा पत्ता आहे."

"म्हंजे सांगनारा कोठी राहते तेच मालूम नाई. आन आमी खरं मानाव?"

हे रत्नपालला पटले. पुण्याच्या एका मराठी संकेतस्थळावर आठवड्याला एक नवल देत असत. तिथले एक त्याने फळ्यावर घेतले तेव्हा खाली त्यांच्या कार्यालयाचा टपालाचा पत्ताही लिहिला, पिनकोडसकट. बकाराम खूश झाला. त्याने तो बिडीच्या पाकिटावर उतरवून घेतला आणि कोणाला न विचारता पुण्याला पोस्टकार्ड टाकले. कार्डात लिहिले होते की तुमच्याकडे आठवड्यात एक नवल निघते, आमच्या देवरीत रोज निघते. आमचा रतन शहारे तुमच्यापेक्षा हुशार आहे. पायाने अधू आहे पण डोक्याने नाही. तरी त्याला कामावर घ्यावे. फोन नंबर खालीलप्रमाणे.

नोव्हेंबरच्या शेवटी पुण्याहून फोन आला. निमकर नावाचे संपादक होते. रत्नपालने सवयीने विचारले, "कोनाले बोलावू?"

"रत्नपाल शहारे आहेत का?"

तेव्हापर्यंत त्या फोनवर कोणी त्याला मागितले नव्हते. तो क्षणभर भोंग्याचे बटण दाबून बसला.

निमकरांनी कामाचे बोलणे केले. पंधरा दिवस परीक्षा. रोज सकाळी सातला ते ईमेलने एक विषय पाठवतील. नऊच्या आत त्या विषयावरची पाच पाने शोधून, प्रत्येकाची चार ओळींत मराठी ओळख लिहून पाठवायची. जमले, तर पंधरा जानेवारीपासून पुण्यात नोकरी. पगार साडेचार हजार. राहायला कार्यालयामागे एक खोली.

"जिने किती आहेत?" रत्नपालने विचारले.

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही. अडचण येईल का?"

"नाही," रत्नपाल म्हणाला. तिसऱ्या मजल्यावर तो जन्मात चढला नव्हता.

अडचण दुसरीच होती. सकाळी सात ते नऊ हीच बाहेरगावच्या पोरांची फोन करायची वेळ. रात्रपाळी सुटली की घरी फोन, मग झोप. रविवारी तर दर कमी, म्हणून रांगा. रत्नपालने तालुक्याच्या टेलिफोन कार्यालयात दुसऱ्या लाइनीसाठी विचारले. केबलमध्ये जोडी शिल्लक नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा त्याने ठरवले की पंधरा दिवसांचाच प्रश्न आहे, आणि भोंग्यातून सर्वांना सांगितले की सकाळी दोन तास फोन लागणार नाही, आपापल्या पोरांना कळवा. पण कळवायचे कसे? त्या पोरांचा नंबर कोणाकडेच नव्हता. तीच फोन करायची, यांनी फक्त घ्यायचा. हे बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आले.

पहिले सहा दिवस तो घामाघूम होऊन लिहीत होता. विषय यायचा, घड्याळे. विषय यायचा, पूल. पान अर्धे उतरले की लाइन तुटायची. काचेबाहेर म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसून असायच्या. आत तो जपानातल्या पुलाची लांबी लिहीत असायचा. नऊ वाजता शेवटचे बटण दाबून तो मॉडेम काढायचा आणि फोन तत्काळ वाजायचा, जणू कोणी पलीकडे धरूनच बसले होते.

सातव्या दिवशी रविवार होता. सुरतेला मुन्नाची रात्रपाळी सुटली. तो तिथल्या बूथच्या रांगेत उभा राहिला, नंबर फिरवला, एंगेज. पुन्हा रांगेच्या शेवटी गेला, पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदाही एंगेज. रतनचा फोन इतका वेळ एंगेज कधी असतो, हे देवरीच्या कोणत्याही पोराला ठाऊक होते. वस्तीत कोणी मेले की नातेवाइकांना निरोप देताना तास-दोन तास फोन सुटत नाही. आणि मागच्या रविवारी मुन्नाची आई रुख्मा फोनवर खोकत होती. मुन्नाने मुकादमाला न सांगता स्टेशन गाठले.

सोमवारी दुपारी गोंदियाच्या बसमधून तो उतरला तेव्हा रत्नपाल काचेआड बसला होता. मुन्नाचे डोळे सुजलेले होते, खांद्यावर पांढरे कोरे कापड होते. वाटेत गोंदियाला त्याने ते घेतले होते. समोर भैयाजीच्या बाकावर बकाराम बशीतून चहा पीत होता.

मुन्ना बापाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माय कोठी आहे?"

"वावरात. धान झोडून राहिली. तू काऊन आला बे?"

"कोन मेलं मंग?"

"कोनी नाई मेलं. कोन मरन?" बकाराम उठून उभा राहिला. "हा कपडा कायले आनला?"

मुन्ना बाकावर बसला आणि हसायला लागला. नंतर ते हसणे रडण्यात गेले. भैयाजीने न विचारता त्याच्यासमोर चहा ठेवला. सारे समजायला दहा मिनिटे लागली. रत्नपाल टपरीतून उतरून गुडघ्यावर हात टेकत तिथवर आला होता, पण बाकापासून चार पावलांवर थांबला.

"तीनदा लावला," मुन्ना त्याला म्हणाला. "का करून राहिला होतास?"

त्या रविवारचा विषय होता, जगातले सर्वांत मोठे भोपळे. रत्नपालने तो सांगितला नाही. तो म्हणाला, "पुन्याचं काम होतं."

सुरतेच्या मागावर मंगळवारपर्यंत दुसरा माणूस बसला. मुकादमाने फोनवर तसे स्पष्ट सांगितले. फोन रत्नपालनेच लावून दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

त्याला वाटले होते की आता वस्ती भांडेल. भांडली असती तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बकाराम आला, त्याने ओट्यावरच्या बायकांना हाताने गप्प केले आणि काचेवर टकटक करून म्हणाला, "तू कर गा तुयं काम. आमी थांबतो. पुन्याले कारड मीच टाकलं होतं." मग पुढचे सगळे दिवस रोज दहा-पंधरा माणसे काचेबाहेर शांत उभी राहिली. कोणी खोकले तर दुसरा त्याला डोळे दाखवायचा. आत रत्नपाल फुलपाखरांच्या प्रवासावर चार ओळी लिहायचा आणि त्याच्या पाठीला ते सगळे डोळे लागलेले असायचे. लाइन तुटली की बाहेरून सगळ्यांचा एकदम सुस्कारा ऐकू यायचा, त्याच्याचसाठी सोडलेला.

परीक्षा संपली. निमकरांचा फोन आला. "या तुम्ही. पंधराला वाट पाहतो."

विहारात रविवारी छोटा सत्कार झाला. पंचशील झाले, अध्यक्षांनी दोन शब्द बोलून फुलांचा हार घातला. देवरीचा मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीला जाणार म्हणून आई कुसुमबाईने खीर केली होती. त्याच संध्याकाळी देवाजी टेलिफोन कार्यालयातल्या ओळखीच्या लाइनमनकडे जाऊन आले. खीर खाता खाता त्यांनी सांगितले की बूथ ज्याच्या नावे मंजूर, त्यानेच बसला पाहिजे. बाप-भाऊ मदतीला चालतात, पण मालक महिनाभर गैरहजर दिसला तर बूथ प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या अपंगाला जातो. पुढचा माणूस सालेकशाकडचा आहे. तो बूथ त्याच्या गावाला नेईल.

"मग?" रत्नपालने विचारले.

"मग का? तू जा," देवाजी म्हणाले. "मी मजुरीले जाईन. तुयी माय बिड्या करतेच. जा तू."

ते मनापासून बोलत होते. त्यांचे गुडघे गेलेले होते, हेही तितकेच खरे होते.

वस्तीला ही गोष्ट कळायला रात्र लागली नाही. कोणी "जाऊ नको" म्हटले नाही. उलट प्रत्येकाने येऊन काहीतरी दिले. कोणी लोणचे दिले. कोणी पुण्याच्या थंडीसाठी मफलर दिला. शेवटी रुख्मा नव्या तांदळाची पिशवी घेऊन आली आणि काचेला हात लावून उभी राहिली.

"रतन, पुन्याले फोन राहीन ना तुयाजवळ?"

"राहीन ना, मामी."

"मंग मुन्नाचा फोन तिकडं आला त तू तिथून हाक देशीन का गा? हा भोंगा असाच राहू देजो. आमाले आयकू येईन."

पुण्यातून देवरीच्या भोंग्यात हाक येत नाही, हे त्याने तिला समजावून सांगितले. तिने मान डोलावली. "बरं, बरं. तुयं चांगलं होऊ दे," म्हणाली आणि तांदूळ ठेवून गेली. समजले की नाही, ते कळले नाही.

मुन्ना पुन्हा सुरतेला निघाला तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. दुसऱ्या कारखान्यात बदली कामगार म्हणून घेतील, असे कोणी सांगितले होते. बस यायला वेळ होता. तो बूथच्या काचेला टेकून उभा राहिला.

"तू बी चालला म्हनतेत."

"पंधरा तारखेले."

"मंग मी कोनाले लावू रविवारी?"

रत्नपालने बिलाच्या यंत्रातला कागद सरळ केला.

"मजाक केली बे," मुन्ना म्हणाला. "तू जा. आता एंगेज आला त मी काई येत नाई. कोनी मेलं तरी नाई येत. भाडं कोठून आनू?" तो हसला, बॅग उचलून बसमध्ये चढला आणि खिडकीतून हातही केला.

त्या दुपारी एक वाजता रत्नपालने मॉडेम जोडला नाही. त्याने निमकरांना फोन लावला आणि विचारले की हेच काम देवरीहून करता येईल का.

निमकर म्हणाले, "पगार नाही देता येणार मग. बाहेरून काम करणाऱ्यांना आम्ही महिन्याला पाचशे देतो. विषय आदल्या रात्री पाठवू, तुम्ही सकाळी सहाच्या आत पाठवा. आणि एक अट आहे. आमच्याकडे पाठवलेलं दुसरीकडे कुठे द्यायचं नाही."

"मी फक्त फळ्यावर लिहितो."

"तेही नको. नियम म्हणजे नियम."

रत्नपालने होकार दिला. घरी सांगितले तेव्हा कुसुमबाईने मफलर घडी करून पेटीत ठेवला. देवाजी म्हणाले, "मी त जा म्हनलं होतं," आणि लगेच बाहेर निघून गेले. भैयाजीला बातमी कळताच त्याने सगळ्या बाकाला फुकट चहा दिला. बकाराम आनंदाने भोंग्याखाली येऊन ओरडला, "रतन चालला नाई रे!" वस्ती त्या दिवशी खरोखर खूश होती. विहारात झाला त्यापेक्षा मोठा सत्कार त्याला वाटला हा.

पुढची अडीच वर्षे तो पहाटे साडेचारला बूथवर येई. सहाला मॉडेम काढी आणि काच उघडी. फळ्यावर आता फोनचे दर असत. बकाराम सुरुवातीला रोज येऊन थांबायचा.

"आज काई नाई?"

"आहे. पन पुन्यात आहे."

"म्हंजे आमी पुन्याले जाऊन वाचाव?"

"तुमी कारड टाकलं होतं ना मामाजी," रत्नपाल एकदा रागाने बोलून गेला. बकारामने खाली पाहिले. त्यानंतर तो फळ्याकडे न पाहता थेट चहाच्या बाकावर बसू लागला.

पुण्याच्या पानावर रोज दहा वाजता रत्नपालची पाच नवले लागत. लिहिणाऱ्याचे नाव नसे. दुपारी तो स्वतःच ती उघडून पाही. कधी एखादा शब्द बदललेला असे. एका वाचकाने खाली लिहिले होते, हे शोधणारा माणूस जगभर फिरलेला दिसतो. ते वाक्य रत्नपालने दोनदा वाचले आणि लाइन तोडली; लगेच फोन वाजला, आणि कोणालातरी भिलाईचा निरोप द्यायला त्याने भोंग्याचे बटण दाबले.

२००४ च्या पावसाळ्यात एके पहाटे ते पान उघडले नाही. दुसऱ्या दिवशी तिथे "काम चालू आहे" अशी पाटी आली आणि मग तीही गेली. निमकरांचा नंबर लागला नाही. रत्नपालने लगेच फळा उलटा करून लिहायला घेतले. खडू हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला, पाय दुखेपर्यंत. लिहिण्यासारखे पुष्कळ होते. पण समोर बाकावर बकाराम पाठ करून बसला होता. रत्नपालने दर पुन्हा लिहिले.

पुढे हमरस्त्याकडेला मोबाइलचा मनोरा उभा राहिला. त्यानंतर वर्षभरात फोन बोलावण्याची कामे निम्मी झाली, मग आठवड्याला एखादे, मग नाही. मुन्ना सुरत सोडून परत आला तो हातात मोबाइल घेऊनच. बूथसमोरच्या बाकावर बसून तो सुरतेच्या मित्रांशी मोठ्याने बोलायचा. भोंग्यात चिमण्यांनी घरटे केले. बूथ सालेकशाच्या माणसाला जाईल, ही भीती उरली नाही. तो माणूसही आता मोबाइल दुरुस्त करतो, असे कोणी सांगितले. आता रत्नपालला अडवणारे काही नव्हते. कोणाची हाक राहिली नव्हती, कोणता नियम राहिला नव्हता. तो चौतीस वर्षांचा झाला होता, आणि त्याला कुठे बोलावलेले नव्हते.

सवय अशी की काच सहालाच उघडायची. फोनच्या जागी झेरॉक्सचे यंत्र आले, मग रिचार्जची पाकिटे लोंबू लागली. देवाजी वारल्यावर कुसुमबाई दुपारी त्याचा डबा घेऊन यायची आणि तिथेच बसून राहायची.

२०१३ पासून नवले बाहेरून येऊ लागली. ज्या वस्तीला तो सांगायचा तीच आता त्याच्या काचेत मोबाइल घालून दाखवायची. दोन तोंडांचे वासरू, समुद्रातून निघालेले शहर, अमुक पाला खाल्ला की साखर पळते. "हे पाह्य रतन, का भारी आहे." तो विचारायचा, हे कोठे पाहिलं, कोणी सांगितलं? "गुरुपवर आलं ना." पत्ता कोणाकडे नसायचा. तो दुपारी बसून शोधायचा आणि संध्याकाळी सांगायचा की वासरू खोटे आहे, चित्र जोडलेले आहे. लोक थोडे नाराज व्हायचे. "तू काई मानतच नाई बे," असे मुन्ना म्हणायचा आणि तेच वासरू पुढे चार जणांना पाठवायचा.

मुन्नाने तोपर्यंत हप्त्यावर जीप घेतली होती. देवरी ते सडक अर्जुनी भाडे मारायचा. एका दिवाळीनंतर गाडी बूथसमोर उभी करून तो आला. वय दिसू लागले होते. खालीच उभे राहून त्याने काचेत कोपर टेकवले.

"रतन, पुन्याचं भाडं भेटलं. एक फॅमिली सोडून द्याची आहे. परत येताना गाडी खालीच राहते. चाल. दाखवतो तुले पुने."

रत्नपालने त्याच्याकडे पाहिले. "किती दिवस?"

"जाऊन-येऊन चार. मागच्या सीटवर पाय लांब करून बस. जिना-बिना चढाची गरज नाई."

"चार दिवस दुकान कोन पाहीन?"

मुन्नाने मागे वळून रस्त्याकडे पाहिले, मग रिकाम्या ओट्याकडे. "दुकानात येते कोन बे?"

कुसुमबाई डब्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "जा ना रे. मी बसतो इथं."

"तुले यंत्र चालवता येते का?" रत्नपाल म्हणाला.

"कोनी आलं त उद्या ये म्हनीन."

रत्नपालने काच थोडी पुढे ओढली, पुन्हा मागे केली. ड्रॉवर उघडून पाहिला. त्यात सुटी नाणी होती. मग म्हणाला, "पुढच्या खेपेले पाहू."

"पुढची खेप कोठची? पुन्याचं भाडं पहिल्यांदाच भेटलं."

"भेटन ना पुन्हा."

मुन्नाने काचेतले कोपर काढले. ही गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही, ना त्या दिवशी, ना नंतर. "बरं," तो म्हणाला. "रस्त्यात बोलाले लागन. रिचार्ज मारून दे. पैसे आल्यावर देतो."

रत्नपालने नंबर विचारला नाही, तो पाठ होता. त्याने रक्कम टाकली, संदेश आल्याची खात्री केली आणि मुन्ना जीप वळवून नागपूरच्या दिशेने गेला. चार दिवसांनी परतही आला.

त्या रिचार्जचे एकोणपन्नास रुपये मुन्ना कटरेकडून अजून यायचे आहेत.